हलकी मोटारसायकल, भारी जमीन

वर्धा जिल्ह्यातील शेतकरी जमिनीचे वर्णन करताना ‘हलकी’ आणि ‘भारी’ अशी दोन विशेषणे योजतात. त्यांचा वजनाशी संबंध नसतो. उथळ, मुरमाड, पाऊस थांबताच निथळणारी ती हलकी. खोल, काळी, पाणी धरून ठेवणारी ती भारी. मोटारसायकलीस ‘हलकी’ म्हटले म्हणजे मात्र वजनच अभिप्रेत असते. शब्दाचे हे दोन अर्थ ज्या ठिकाणी एकमेकांस भेटतात, ते ठिकाण म्हणजे गावातून शेताकडे जाणारी पांदण; पश्चिम महाराष्ट्रात हिलाच पाणंद म्हणतात. अलीकडे ‘स्क्रॅम्बलर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या हलक्या मोटारसायकलीची रचना समजून घ्यावयाची, तर तिचे अवयव या पांदणीवर उतरवून पाहणे सोयीचे ठरेल.

इंग्रजीतील ‘स्क्रॅम्बल’ या क्रियापदाचा अर्थ हातापायांचा आधार घेत खडबडीत चढण चढणे असा आहे. मराठीतील ‘धडपड’ त्याच्या बरीच जवळ जाते. १९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीच्या माळावर मोटारसायकलींची एक शर्यत झाली. तिच्या नावात हा शब्द आला आणि पुढे त्या धर्तीच्या शर्यतींना तो सरसकट लावण्यात येऊ लागला. कालांतराने शर्यतीसाठी ‘मोटोक्रॉस’ हे फ्रेंच घडणीचे नाव रूढ झाले व जुना शब्द शर्यतीवरून सरकून यंत्रावर स्थिरावला. आपल्याकडील ‘फटफटी’ हे नाव यंत्राच्या आवाजावरून पडले. ‘स्क्रॅम्बलर’ हे नाव ते यंत्र जे करू पाहते त्यावरून. आरंभी अशी यंत्रे मुद्दाम घडविली जात नसत. रस्त्यावरचीच गाडी घ्यावयाची, तिच्यावरील अनावश्यक भार उतरवावयाचा, हॅंडल रुंद बसवावयाचे, धूर सोडणारी नळी वर उचलून घ्यावयाची आणि चाकांना गाठी असलेले टायर चढवावयाचे, अशी रीत होती. १९६२ मध्ये होंडा व डुकाटी या दोन्ही कारखान्यांनी मुख्यतः अमेरिकन गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून याच नावाच्या तयार गाड्या काढल्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कॅम्बर्लीचा माळ वाळूचा होता. वर्ध्याच्या परिभाषेत बोलावयाचे, तर या यंत्राचा जन्म हलक्या जमिनीवर झाला.

या यंत्राचा वर्ध्याशी असलेला संबंध केवळ भूमीपुरता नाही. जमनालाल बजाज हे वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरी नातू म्हणून दत्तक आले. १९४५ मध्ये निघालेल्या ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ने तेच नाव धारण केले होते, आणि हीच संस्था १९६० मध्ये ‘बजाज ऑटो’ झाली. या कंपनीने ब्रिटनच्या ट्रायम्फशी २०२० मध्ये सहकार्याचा करार केला व त्यातून २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील चाकण येथे ‘स्पीड ४००’ आणि ‘स्क्रॅम्बलर ४०० एक्स’ या दोन गाड्या तयार होऊ लागल्या. दोहोंचे इंजिन एकच आहे. त्यामुळे रस्त्याची गाडी आणि धडपडीची गाडी यांत नेमका फरक कोणता, हे पाहण्यास ही जोडी फार सोयीची आहे.

पहिला फरक चाकाचा. ‘स्पीड’चे पुढचे चाक १७ इंचांचे, ‘स्क्रॅम्बलर’चे १९ इंचांचे. टायर धरून हिशेब केल्यास पहिल्याचा व्यास सुमारे ५९ सेंटिमीटर, दुसऱ्याचा सुमारे ६६ सेंटिमीटर भरतो. वाटेत धोंडा आला की मोठे चाक त्यावर अधिक सौम्य कोनातून चढते. लहान चाक त्यावर आदळते. आपल्या बैलबंडीचे चाक एवढे थोरले का, याचे एक कारण हेच. आर्वी, आष्टी, कारंजा या उत्तरेकडील तालुक्यांत डोंगराळ, दगडगोट्यांच्या वाटा पुष्कळ आहेत; तेथे या सात सेंटिमीटरांचे मोल चालविणाऱ्याच्या मनगटांना कळते.

दुसरा फरक चाकाच्या वरखाली होण्याचा. ‘स्क्रॅम्बलर’ची दोन्ही चाके १५० मिलिमीटर वरखाली होऊ शकतात, ‘स्पीड’मध्ये ही मर्यादा पुढे १४० व मागे १३० आहे. पुढचा फोर्क उलट्या बांधणीचा, म्हणजे जाड नळी वर व बारीक नळी खाली असा आहे. जेथे वाकविणारा जोर सर्वाधिक पडतो तेथेच जाड नळी येत असल्याने तो सहजी लवत नाही. दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतरही वाढवून १४१८ मिलिमीटर केले आहे. त्याने वळण किंचित मंदावते, पण चाकोरीत गाडी सरळ राहते. ‘चाकोरी’ हा शब्द आज लाक्षणिक अर्थानेच अधिक वापरला जातो. पांदणीत मात्र ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेली चाकोरी अगदी खरी असते आणि दुचाकीस तीतून बाहेर पडणे अवघड जाते. अशा वेळी पायठाण्यांवर उभे राहून, रुंद हॅंडलाच्या आधाराने गाडी खालच्या खाली हलू द्यावी लागते. हॅंडलाची रुंदी शोभेसाठी नसून तरफेसाठी आहे.

इंजिन एकाच सिलिंडरचे, ३९८.१५ घन सेंटिमीटरचे, द्रवाने थंड होणारे आहे. मिनिटास ८००० फेऱ्यांवर ते ४० अश्वशक्ती देते आणि ६५०० फेऱ्यांवर ३७.५ न्यूटन-मीटर इतका पीळ. पांदणीत अश्वशक्तीपेक्षा पीळ महत्त्वाचा, आणि तोही कमी फेऱ्यांवर मिळणारा; कारण तेथे वेग माणसाच्या चालीएवढाच असतो. द्रवशीतनाचा लाभही अशा संथ चालीतच दिसतो : वारा लागत नसला तरी पंखा उष्णता काढून घेतो. त्याचे शीतक मात्र पुढच्या चाकाच्या मागेच असल्यामुळे चिखल प्रथम त्याच्यावरच उडतो, म्हणून त्यावर जाळी बसविलेली आहे.

ब्रेकांच्या बाबतीत एक विरोधाभास आहे. ब्रेक दाबताच चाक अडकून घसरू नये, अशी व्यवस्था आता मोठ्या दुचाक्यांवर असतेच. डांबरी रस्त्यावर ती प्राण वाचविते. सैल मातीत मात्र अडकलेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग रचते व त्या ढिगामुळेच गाडी लवकर थांबते. म्हणून ‘स्क्रॅम्बलर’मध्ये ही व्यवस्था बंद करता येते. मागचे चाक फिरकी घेऊ लागताच इंजिनाचा जोर कमी करणारी व्यवस्थाही तशीच बंद करावी लागते. नाही तर चिखलात नेमक्या गरजेच्या वेळी गाडी दम सोडते.

येथवरच्या विवेचनावरून यंत्र पांदणीसाठीच घडविले असावे, असे वाटेल. दक्षिणेकडे हिंगणघाट-समुद्रपूरच्या कापूसपट्ट्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, हे मत टिकत नाही. काळ्या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात व एकमेकांस आणि टायरला धरून बसतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास मातीचा नवा थर चढतो. टायरच्या गाठींमधील खाचा भरून तो गुळगुळीत होतो. मग थर वाढत जाऊन मडगार्डला भिडतो आणि चाक फिरावयाचेच थांबते. येथे अश्वशक्ती व पीळ दोन्ही निरुपयोगी. अशा जमिनीस हवी ती चाक आणि मडगार्ड यांतील भरपूर मोकळी जागा. भारतीय गाडीस आणखी एक अडचण आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्याच्या रक्षणासाठी मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण लावावे लागते. लोकांत त्यास ‘साडीगार्ड’ म्हणतात. पदर चाकात गुंतून होणारे अपघात पाहता ते काढावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण पावसाळ्यात चिखल अडण्यास ते आणखी एक स्थान होते, हेही खरे.

चाक अडकले की प्रश्न उरतो तो वजनाचा. इंधनासह ही गाडी १८५ किलोग्रॅम भरते. ट्रायम्फच्याच ९०० घन सेंटिमीटरच्या स्क्रॅम्बलरच्या २२३ किलोग्रॅमांशी तुलना केल्यास ती हलकी आहे; गावोगाव दिसणाऱ्या ‘स्प्लेंडर’च्या ११२ किलोग्रॅमांशी केल्यास भारी. ‘हलका’ हे विशेषण कोणत्या वर्गात लावले आहे हे सांगितल्यावाचून त्यास अर्थ येत नाही, आणि जाहिराती तो वर्ग क्वचितच सांगतात. चिखलात रुतलेली ‘स्प्लेंडर’ दोन माणसे उचलून बांधावर ठेवतात. एवढ्या वजनाची गाडी त्यांस तशी उचलवत नाही. शिवाय आसन ८३५ मिलिमीटर उंच. चाके अधिक वरखाली व्हावयाची तर आसन वर जाणारच. पण निसरड्या वाटेवर दोन्ही पाय टेकणे ही मध्यम उंचीच्या माणसाची पहिली गरज असते, आणि मागे पत्नी, तिच्या मांडीवर मूल व टाकीवर खताचे पोते असेल तर अधिकच. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात आली तेव्हा गाडीची किंमत सुमारे २ लाख ६३ हजार रुपये होती, हेही विसरून चालणार नाही.

२०२५ मध्ये आलेल्या ‘४०० एक्ससी’ या पुढच्या रूपात ओतीव चाकांच्या जागी आऱ्यांची चाके दिली आहेत. धोंड्यावर आदळताना आरे किंचित लवतात व ओतीव चाकासारखी तडकण्याची भीती कमी होते. सुधारणा आहे ती पुन्हा आर्वी-कारंज्याच्या वाटांसाठी. समुद्रपूरच्या पांदणींचा उपाय यंत्रात नसून मुरमात आहे. शेतरस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. मुरूम दाबून पक्की केलेली पांदण म्हणजे भारी जमिनीवर अंथरलेली हलकी जमीनच. तिच्यावरून स्क्रॅम्बलर उत्तम जाते, आणि स्प्लेंडरही जाते. जेथे मुरूम पडलेला नाही, तेथे पावसाळ्यात गाडी पांदणीच्या तोंडाशी उभी करून पुढची वाट पायी चालण्याची रीत आहे.