आधी ‘थांब’, मग ‘सुट्टी’

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटचे दार दिवसातून किती वेळा उघडते, हे कधी मोजले आहे? सकाळी दूधवाला, मग कामवाली बाई, कुरिअर, किराणा पोहोचवणारा मुलगा, दुपारी शाळेतून परतलेली मुले. घरात तीन महिन्यांचे पिल्लू असेल, तर उघडलेले प्रत्येक दार म्हणजे त्याला पळण्याची संधीच. दारापलीकडे जिना, लिफ्ट आणि फाटकाबाहेर होसूर रोडची वर्दळ. या भागात २०१० साली उड्डाणमार्ग झाला, ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो आली; पिल्लाला मात्र दिसते ते फक्त उघडे दार.

म्हणून ‘शेकहँड’च्या आधी त्याला थांबायला शिकवा. शेकहँड पाहुण्यांच्या कौतुकासाठी असतो, थांबणे जीव वाचवण्यासाठी.

सुरुवात जेवणाच्या वाटीपासून

आठ आठवड्यांचे पिल्लूही हा धडा गिरवू शकते. वाटी हातात धरून हळूहळू खाली न्या. ते झेपावले की काही न बोलता वाटी वर घ्या. पुन्हा खाली न्या. काही वेळा असे झाले की ते बुचकळ्यात पडून क्षणभर थबकते. तोच क्षण पकडा, ‘सुट्टी!’ म्हणा आणि वाटी ठेवा. पहिल्या दिवशी एक सेकंद पुरे. मग दोन, पाच, दहा. ते थबकू लागले की वाटी नेताना ‘थांब’ म्हणायला सुरुवात करा.

खरी मेख सोडण्याच्या शब्दात आहे. बहुतेक घरांत ‘थांब, थांब’ असा गजर होतो, पिल्लू कंटाळून उठते आणि कोणी काही म्हणत नाही. मग कधी उठायचे हे आपणच ठरवायचे, एवढेच ते शिकते. वाटी जमिनीला टेकली म्हणून नव्हे, तर शब्द कानी पडला म्हणून खायचे, हे त्याला कळायला हवे.

शब्दही विचार करून निवडा. ‘चल’ आपण दिवसभर म्हणतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या घरात ‘ओके’ तर फोनवर शंभरदा होते! ‘सुट्टी’ त्यामानाने बरा. त्यात आई ‘थांब’ म्हणते, बाबा ‘स्टे’ आणि कामवाली बाई ‘निल्लु’. पिल्लाने कोणाचे ऐकावे? ठरलेले दोन शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. आजींनाही समजावून सांगा, कारण उठून आलेल्या पिल्लाला पोळीचा तुकडा बहुधा त्यांच्याच हातून मिळतो.

आता दाराशी

वाटी जमली की दाराकडे वळा. पट्टा बांधलेलाच असू द्या. कडीला हात लावा, दार बोटभर उघडा. पिल्लू पुढे सरसावले तर दार लावून घ्या, मात्र नाक-पंजा सांभाळून. थांबले तर ‘सुट्टी’. वेळ वाढवत असाल तेव्हा अंतर वाढवू नका आणि बेल वाजवण्याचा प्रयोग तर अगदी शेवटी. लॅब्राडॉरचा जीव वाटीत अडकलेला असतो, तर मुधोळसारखा शिकारी कुत्रा हलत्या वस्तूमागे धावतो. त्याला दाराशी अधिक दिवस लागले तर नवल नाही.

एका वेळी तीन-चार मिनिटे, दिवसातून तीनदा सराव भरपूर झाला. शू लागलेली असताना किंवा झोप आलेली असताना परीक्षा घेऊ नका. चुकले तर मारू नका. सेकंद कमी करा. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, सराव घरातच करा.

लिफ्टशी मात्र शिकवणीवर विसंबू नका. पट्टा आखूड धरा, पिल्लू आत आले आहे हे डोळ्यांनी पाहा, मगच बटण दाबा. दारात पट्टा अडकून लिफ्ट सुरू झाली, तर पिल्लाच्या गळ्याला फास बसतो.