पाळी गेल्यानंतरचा दम : ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका

“पाळी गेली, सुटले बाई एकदाची,” असे अनेक भगिनी म्हणतात. पुढे सोयाबीनच्या रानात दम लागला, संध्याकाळी पाय सुजले, की ‘वय झाले’ म्हणून विषय संपतो. वाशीम जिल्ह्यातील गावांत काम करताना आम्ही हे वारंवार ऐकतो. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे.

पाळी थांबताना अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि चरबीची जागा बदलते. मांड्या-नितंबांऐवजी ती पोटात आणि हृदयाभोवती साचू लागते. ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारे घटक निघतात आणि हृदयाच्या स्नायूला त्रास देतात. स्नायू कमकुवत किंवा ताठर झाला की शरीराला लागेल तेवढे रक्त हृदय पुरवू शकत नाही. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय एकाएकी बंद पडणे वेगळे.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात सुमारे ७ हजार स्त्री-पुरुषांवर १५ वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले होते. हृदयाभोवती जास्त चरबी असलेल्या स्त्रियांत हा धोका सुमारे दुप्पट, पुरुषांत दीडपट दिसला. वजन लक्षात घेऊनही हा संबंध टिकला. म्हणून वजन बेताचे असले तरी निश्चिंत राहू नये.

आपल्याकडे प्रश्न आणखी गंभीर आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीला बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत अनेक जणी चाळिशीच्या आतील होत्या. अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एकदम तुटते. ते ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. म्हणजे हृदयाचा धोकाही लवकर सुरू होतो. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

प्रत्येकीला सीटी स्कॅनची गरज नाही. कंबर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का, टेपने पाहा. तिशीनंतर रक्तदाब व साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. तंबाखू, मिश्री सोडा, मीठ-तेल कमी करा. चालताना दम, पायावर सूज, आडवे पडल्यावर श्वास कोंडणे, ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठा.

बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या हिशेबाबरोबर रक्तदाबाचीही नोंद व्हावी. घरासाठी राबणाऱ्या बाईचा दम हा घरातल्या सर्वांचा प्रश्न आहे.