नेम अचूक, निदान चुकीचे

'सर्जिकल स्ट्राइक' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्यात 'सर्जरी' दडली आहे हे ध्यानातही येत नाही. शस्त्रक्रियेत ज्याच्या अंगावर सुरी चालते, त्याच्याच भल्यासाठी ती चालते आणि त्याची सही आधी घेतलेली असते. ड्रोनने माणूस टिपण्याला ही उपमा बसत नाही. पण आमच्या पेशातली दुसरी एक गोष्ट तिथे नेमकी लागू पडते. ती म्हणजे निदान.

२९ ऑगस्ट २०२१, काबूल. तीनच दिवसांपूर्वी विमानतळावरच्या आत्मघाती स्फोटात १३ अमेरिकी सैनिक आणि दीडशेहून अधिक अफगाण नागरिक ठार झाले होते. आणखी एक हल्ला होणार, अशी खबर होती. अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर जवळजवळ आठ तास नजर ठेवली. गाडीत पाण्याचे कॅन भरले गेले, पडद्यावर ती स्फोटके वाटली. गाडी घराच्या अंगणात शिरली आणि 'हेलफायर' क्षेपणास्त्र सुटले. नेम अचूक लागला. गाडी चालवणारा मदतसंस्थेचा कर्मचारी होता. त्याच्यासह दहा जण गेले, त्यांत सात मुले.

सुरुवातीला लष्कराने हा हल्ला योग्यच ठरवला. पत्रकारांनी खोदकाम केल्यावर १७ सप्टेंबरला चूक मान्य झाली. हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली. कायदा मोडलेला नाही, असे त्यांनी म्हटले. पण जी कारणे दिली त्यांतले एक वाचून कोणताही डॉक्टर थबकेल. आधी मनाशी ठरवलेल्या गोष्टीलाच पुरावे जुळवत जाणे, हे ते कारण. हल्ल्याच्या दोन मिनिटे आधीच्या चित्रणात एक मूल दिसत होते. बारकाईने शोधले तरच दिसेल असे.

ही चूक वॉर्डात नेहमीची. पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट दिसले की डेंग्यूचा शिक्का बसतो आणि लेप्टोचा पेशंट तसाच राहतो. तिथे सावरायला वाव असतो. पेशंट स्वतः बोलतो, नातेवाईक हुज्जत घालतात (घालावीच), रिपोर्ट उलटा येतो, सकाळच्या राउंडला वरिष्ठ हटकतात. पडद्यावरचा माणूस बोलत नाही. त्याच्यावर संशय आहे, हेच त्याला माहीत नसते.

पाकिस्तानच्या सरहद्दीवरील टोळीभागात तर नावही माहीत नसलेल्या लोकांवर, केवळ त्यांच्या हालचालींच्या ठेवणीवरून, हल्ले झाले. लक्षणांवरून थेट ऑपरेशन! यातला धोका साध्या गणितात दिसतो. समजा, एक लाख वस्तीत दहा अतिरेकी आहेत आणि ओळखण्याची पद्धत ९९ टक्के बिनचूक आहे. ती ते दहाही जण पकडेल, पण सोबत सुमारे एक हजार निरपराधांवरही बोट ठेवेल. आजार दुर्मीळ असला की चांगली चाचणीही फसते, म्हणूनच आम्ही एका रिपोर्टवर कर्करोगाचे औषध सुरू करत नाही.

ड्रोनच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. विमानातून मोठे बॉम्ब टाकण्यापेक्षा किंवा गावात फौज घुसवण्यापेक्षा त्याने कमी माणसे मरू शकतात, आणि तो तासन् तास थांबू शकतो. पण थांबण्याचा उपयोग शंका घेण्यासाठी झाला तरच. काबूलमध्ये आठ तास मिळाले, ते खात्री वाढवण्यात गेले.

त्या डिसेंबरात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जाहीर केले की कोणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. महानिरीक्षकांची एक शिफारस मात्र मला मोलाची वाटते: निर्णयाच्या खोलीत केवळ शंका काढण्याचे काम असलेली माणसे बसवावीत. आता लक्ष्य निवडण्याचे कामही संगणकाकडे सोपवण्याची तयारी चालू आहे. तिथे ही माणसे कुठे बसवणार, हे अजून कोणी सांगितलेले मी ऐकलेले नाही.