वऱ्हाडच्या उन्हात थंड राहणारे घर

अकोला आणि अमरावती हे जिल्हे कापसासाठी जितके प्रसिद्ध आहेत, तितकेच कडक उन्हाळ्यासाठीही. मे २०२४ मध्ये अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, तेव्हा जिल्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत कलम १४४ अन्वये आदेश काढावा लागला. आदेशाने रस्त्यावरील वर्दळ कमी करता येते. पण घरात असलेले तान्हे मूल, आजारी माणूस वा वृद्ध यांचे रक्षण घरालाच करावे लागते. म्हणूनच या भागात घराची रचना हा आरोग्याचा प्रश्न ठरतो.

जुन्या वऱ्हाडी घरांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने शोधले होते. शेतीची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. या पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि मातीचेच धाबे दुपारची उष्णता सावकाश शोषून घेत आणि ती आत पोहोचेपर्यंत रात्र होई. पुढे धाब्याची व कवेलूंची घरे मागे पडली. त्यांची जागा टिनाने व सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबने घेतली. गळती थांबली, दरवर्षीची डागडुजी वाचली, हा लाभ खराच. मात्र उष्णता अडविण्याचा गुण त्याबरोबर गेला. तो परत कसा मिळवावा, हे आजचे तंत्रज्ञान सांगू शकते.

छताचा हिशेब

अकोला सुमारे २०.७ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीचीही सावली नाहीशी होते. ऐन उन्हाळ्यात सूर्याचा मुख्य मारा छतावर होतो, तो यामुळेच. त्याखालोखाल तापतात त्या पूर्व व पश्चिमेच्या भिंती. दक्षिणेच्या खिडकीला मात्र साधा छज्जा पुरतो. उन्हाळ्यात तो ऊन अडवितो आणि हिवाळ्यात कलता सूर्य त्याखालून आत येऊ देतो.

केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' तयार केली. आतील व बाहेरील तापमानात एका अंशाचा फरक असताना छताच्या प्रत्येक चौरस मीटरमधून १.२ वॅटहून अधिक उष्णता जाऊ नये, अशी मर्यादा तीत आहे. उघड्या स्लॅबमधून याच्या तिपटीच्या आसपास उष्णता आत येते. ही संहिता मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी असली, तरी तिचा हिशेब लहान घरालाही तितकाच लागू पडतो.

उपाय अवघड नाहीत. उन्हाळ्यापूर्वी गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा जाड हात दिल्यास बरेचसे ऊन परावर्तित होते. पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविल्यास तेच काम अधिक काळ टिकते. छतावर सौर पट्ट्या बसविल्यास वीज मिळते आणि सावलीही पडते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. दिवसा खिडक्या बंद ठेवून रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडणे, हा तर बिनखर्चाचा उपाय आहे.

पाया, भिंत आणि पाणी

काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे भिंतींना तडे जातात. यावर रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर गाठ असलेल्या खांबांच्या पायाची पद्धत विकसित केली. हे खांब मातीची हालचाल जेथे थांबते, त्या थरापर्यंत नेले जातात. तडे न गेलेले घर अनेक वर्षे टिकते, आणि टिकणे हीसुद्धा साधनसामग्रीची बचतच होय.

भट्टीच्या विटांसाठी सुपीक माती खर्ची पडते व इंधन जळते. बाळापूर तालुक्यातील पारस येथील औष्णिक विद्युत केंद्रातून कोळशाची राख निघते. अशा राखेच्या विटा भट्टीत न भाजताच तयार होतात. मेळघाटात बांबू हे हाताशी असलेले साहित्य आहे. धारणी तालुक्यातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने त्याच्या वापराला कारागिरीची जोड दिली आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. खाऱ्या पाण्याने कालविलेल्या काँक्रीटमधील सळ्या लवकर गंजतात. अशा काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. म्हणून बांधकामाआधी पाणी तपासून घ्यावे आणि छतावरील पावसाचे गोडे पाणी टाक्यात साठवावे.

नकाशा काढतानाच विचार हवा

प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एवढ्या लहान घरात तापलेल्या छतापासून दूर बसण्यास जागाच नसते. कूलर घ्यावा, तर वीज आणि पाणी दोन्ही हवे, आणि पाण्याची टंचाई नेमकी त्याच महिन्यांत भासते. याउलट दाराची दिशा, खिडक्यांची जागा व छज्जाची रुंदी नकाशावर ठरविताना फारसा खर्च येत नाही. घर उभे राहिल्यावर हेच बदल महाग पडतात. गवंडी, अभियंता आणि घरमालक यांनी पायाभरणीपूर्वी एकत्र बसून एवढा विचार केला, तर वऱ्हाडातील लहानात लहान घरही उन्हाळ्यात खऱ्या अर्थाने आसरा ठरेल.