गावच्या शाळेचं कपाट आणि 'कोहा'

मालवणकडच्या शाळेत ग्रंथपाल असला तर एकटाच असतो. कॅटलॉगचं काही अडलं तर विचारणार कुणाला? त्याच्या उपयोगी पडेल असं एक मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे, 'कोहा'. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या वाचनालयांची जुनी प्रणाली २००० साल पेलणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी हे लिहून घेतलं आणि सगळ्यांना वाटून टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट! ते लिनक्सवर चालतं आणि शाळेच्याच संगणकावर बसतं, त्यामुळे पावसात नेट गेलं तरी देवघेव चालू. (लाईट गेली तर मात्र रजिस्टर.)

खरी मेख नोंदींची. इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की मोठ्या ग्रंथालयातली तयार नोंद बहुधा उतरवून घेता येते. जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांकच नसतो, ती हातानेच भरायची. पण एकदाच. मालवणात भरलेल्या नोंदींची 'मार्क' फाईल वेंगुर्ल्याच्या शाळेला दिली की तिकडे पुन्हा टाइप करायला नको. मात्र टायपिंग युनिकोडमध्येच हवं, नाहीतर आपल्या आरवलीचे जयवंत दळवी दुसऱ्या संगणकावर भलत्याच अक्षरांत उगवतात आणि शोधून सापडत नाहीत. शिवाय 'दळवी, जयवंत' की 'जयवंत दळवी', हे सगळ्या शाळांनी आधीच ठरवलेलं बरं.

मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, बालभारतीची पुस्तकंही. ते सरांना ठाऊक असतं. अडतं ते लिनक्स बसवण्यात, आणि ते येणारे आपल्या होस्टेलवर खोलीगणिक सापडतील. मे महिन्यात गावी जाताना पेन ड्राइव्ह न्या.