धुराचा ताण आणि श्वासनलिकेचे अस्तर

श्वासनलिकेच्या अस्तरात अगदी तळाशी पायाभूत पेशी असतात. वरच्या पेशी झिजल्या म्हणजे त्यांची भरपाई याच करितात. त्यांतून काही रोमधारी पेशी होतात, तर काही श्लेष्मा स्रवणाऱ्या. श्लेष्मा धूळ अडकवितो. रोम ती घशाकडे लोटतात. शेजारील पेशींचा 'नॉच' नावाचा संकेत प्रबळ असला तर स्रावी पेशी घडतात; क्षीण असला तर रोमधारी.

विडी-सिगारेटचा धूर नित्य लागला, की पेशींवर ताण पडतो. वाढीचा आदेश घेणारे त्यांचे ग्राहक जागृत होतात व श्लेष्मल पेशी वाढतात. रोम मात्र आखूड होतात. मग साचलेला कफ काढण्याचे काम एकट्या खोकल्यावर पडते. म्हणून सकाळचा नित्याचा खोकला ही नुसती सवय मानू नये. धूर वेळीच थांबला, तर अस्तर पुष्कळसे सावरते.