तीनशे पंधराची शिस्त

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. गावाला लागून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो आणि पश्चिमेकडचा फाटा चरेगाव, मल्हारपेठ करत पाटणच्या डोंगरांकडं निघतो. त्या डोंगरांमागं कोयनेचं जंगल, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. डोंगरालगतच्या शिवारात भुईमूग आणि ऊस रानडुकरांच्या तोंडी पडतो, कधी गवेही उतरतात. शिवाय हा जिल्हा फौजेचा. पिढ्यान् पिढ्या इथली पोरं पलटणीत गेली. त्यामुळं परवान्याचं हत्यार या भागात नवलाईचं नाही. बहुतेकांकडं ठासणीची नाहीतर बारा बोअरची बंदूक असते. पण एखाद्या घरात आजोबांच्या वेळची रायफलही असते, आणि तिला सगळे नुसतं 'तीनशे पंधरा' म्हणतात.

शिकारी रायफल हे तिचं नाव तेवढं उरलंय. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेच्या शिकारीला जागाच राहिली नाही. पिकात आलेलं डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. तरी रायफल घरात आहे, ती वारसानं नातवाच्या परवान्यावर चढते, आणि नातू पहिल्यांदा चांदमारीला जाऊन आला की एकच तक्रार करतो, ‘नळी गेलीय, नेम लागत नाही.’

माझं म्हणणं एवढंच, की नळीला इतक्या लवकर दोषी धरू नका.

या रायफलीचा जन्म एका मनाईतून झाला. इंग्रजी फौजेची रायफल होती .३०३ बोअरची. तिची गोळी नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून त्या बोअरला हिंदुस्थानात परवाना मिळत नसे. तेव्हा सांगाडा ली-एन्फिल्डचाच ठेवून बोअर तेवढा बदलला, .३१५ केला. काडतूस घेतलं ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेतल्या मानलिखर रायफलीचं, ८ मिलिमीटरचं. आधी इंग्लंडमधल्या बीएसए कंपनीच्या रायफली आल्या, पुढं बंगालमधल्या इशापूर रायफल कारखान्यानं त्या घडवल्या. म्हणजे दोन्ही महायुद्धांत आपल्या जवानांनी जी ली-एन्फिल्ड वागवली, तिचीच ही सख्खी बहीण. तिचे गुण हिच्यात आहेत, खोडीही आहेत.

जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम. ‘शिस्त धरणे’ याचा अर्थ बंदूक रोखणे. नेम या शब्दाचंही तसंच, निशाणाही नेम आणि पाळायचा नियमही नेम. निवृत्त होऊन गावी आलेल्या कुणाही हवालदाराला विचारा, तो फौजी हिंदीतच सांगेल : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर. रायफलीचा दोष शोधतानाही हीच शिस्त लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं.

सुरुवात चांदमारीच्या अधिकृत मैदानावर, पन्नास मीटरवर कागद लावून. शेतात बाटली ठेवून बार काढणं बेकायदा तर आहेच, त्यातून कळतही काही नाही. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा. पिशवी लाकडाखाली हवी, नळीखाली नको. मग सावकाश पाच गोळ्या झाडा आणि कागद वाचा. पाचही भोकं एका मुठीत, पण मध्यापासून लांब पडली असतील, तर रायफल निर्दोष आहे. फक्त साइट सरकली आहे. पुढची माशी एका खाचेत बसवलेली असते, धक्क्यानं ती हलते. गोळी उजवीकडं जात असेल तर माशी उजवीकडंच सरकवायची. हे उलटं वाटतं, म्हणून लोक चुकतात आणि दोष वाढवून घरी येतात. भोकं आडवी पसरली तर चाप ओढणाऱ्या बोटाकडं आणि सैल साइटकडं बघा. या रायफलीचा चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा घेऊन थांबायचं असतं हे नवख्याला ठाऊक नसतं, तो एका दमात हिसका देतो.

पण भोकं उभी पसरली, किंवा पहिली गोळी जागेवर आणि नळी तापेल तशी पुढची प्रत्येक वर सरकत गेली, तर गाठ लाकडाशी आहे. ली-एन्फिल्डचं लाकूड दोन तुकड्यांचं, मागं दस्ता, पुढं नळीखालची फळी. मधे पोलादी सांगाडा. गोळी सुटताना सांगाड्याचा धक्का फळीच्या मागच्या टोकावरचे दोन लहान खांदे झेलतात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा ओली, मार्चपासून कोरडी. लाकूड फुगतं, आकसतं, फुगतं. चाळीस-पन्नास पावसाळ्यांत ते खांदे झिजतात, चापाच्या कडीपुढचा स्क्रू ढिला पडतो, फळी नळीला नको तिथं टेकायला लागते. मग प्रत्येक गोळीला नळी वेगळी थरथरते. स्क्रू घट्ट आहे का, ही तपासणी फुकट आहे आणि पुष्कळदा आजार तिथंच सापडतो.

दस्ता डुगडुगत असेल तर मात्र सांभाळा. दस्त्याच्या पोटातून एक लांब बोल्ट जातो. लष्करी ली-एन्फिल्डमध्ये त्याचं चौकोनी टोक पुढच्या फळीतल्या पट्टीत अडकवलेलं असे. फळी न काढता बोल्ट फिरवला की फळी चिरलीच. याच वंशातल्या हत्याराला हात घालणाऱ्यानं हे विसरू नये.

आता नळी. तिच्या आतला पीळ गोळीला फिरकी देतो, आणि गोळीचा शेवटचा स्पर्श होतो तो नळीच्या तोंडाच्या कडेला. ती कड एका बाजूनं जरी झिजली, तरी मागून सुटणारा वायू गोळीला तिरका रेटा देतो. ही झीज गोळ्यांनी क्वचित होते. ती होते गजानं. वर्षानुवर्षं तोंडाकडून लोखंडी गज घालून घासलेली नळी कडेला खाल्ली जाते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हत्यार बिघडतं ते काळजी घेण्यातून. काडतूस आत ढकलणारा या रायफलीचा बोल्ट मागून सहज निघतो, साफसफाई तिकडूनच करायची.

जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचा क्षार नळीत राहतो आणि हवेतलं पाणी ओढून घेतो. तेलात तो विरघळत नाही, उकळत्या पाण्यात विरघळतो. म्हणून जुने शिपाई नळीतून आधी गरम पाणी सोडत, मग चिंधीनं कोरडी करून तेल लावत. ज्यांनी नुसतं तेल लावलं त्यांच्या नळीत बारीक खड्डे पडले. त्यावर गोळीच्या तांब्याचा थर चढतो. अमोनियाचं द्रावण लावलेली चिंधी निळी-हिरवी होऊन बाहेर आली तर थर आहे. ती पांढरी येईपर्यंत काम चालू ठेवायचं. ‘गेलेल्या’ म्हणवलेल्या कितीतरी नळ्या नुसत्या मळलेल्या असतात.

गोळीचाही विचार करा. ट्रंकेत वीस वर्षं पडलेली पेटी आणि यंदाची पेटी एकसारखी लागणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या दर्जाचे नेमबाज एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीत झाडून पाहतात आणि तिला मानवणारा लॉट निवडतात. आपल्याला इतकी निवड नाही, पण पाच गोळ्या एकाच लॉटच्या वापरणं हाती आहे. आणखी एक : काडतूस आणि नळीतली त्याची खोली कोरडी हवी. ओलं काडतूस खोलीच्या भिंतीला धरत नाही, सगळा दाब बोल्टवर येतो. या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूनं अडकतो, तो दबतो आणि गोळीची जागा बदलते.

इथपर्यंत मालकाचं काम. पुढचं बंदूक कारागिराचं. बोल्ट आणि काडतूस यांतलं अंतर वाढलंय का, नळीची कड पुन्हा समतल करता येईल का, हे मापं घेऊनच ठरतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार हत्यार दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा गावातल्या लेथवाल्याकडं ती नेऊ नका, त्यालाही अडचणीत आणाल.

नळी खरंच गेली असेल, तर रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करता येते. पण तो निर्णय पाच भोकांचा कागद समोर ठेवून घ्या. आणि तोवर, तोंडाकडून गज घालणं आजपासून बंद करा.